सव्वीस आटे

मामांचं तेरावं झालं आणि घरातल्या वस्तूंची बोलणी निघाली. शेताचं आधीच ठरलेलं होतं, अंगठी मामीकडे राहिली, कपाटावर थोरल्या सुनेचा डोळा होता, ते तिला मिळालं. सायकलीचं नाव कुणी काढलं नाही. तुरीच्या पोत्यांआड भिंतीला रेलून ती उभी होती आणि तिच्या हँडलवर कुणीतरी ओला पंचा वाळत घातला होता. चहा झाल्यावर मामीच म्हणाली, "ते लोखंड भाच्याला देऊन टाका. इथं राहिलं तर भंगारवाला उचलून नेईल." सायकलीबरोबर डालड्याचे जुने डबेही माझ्याकडे आले. त्यांत काय आहे हे मामांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

सायकल रॅलेची, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यातली. पुढच्या नळीवरच्या बिल्ल्यात बगळ्याची मान, आणि पायडलच्या मोठ्या चक्करमध्येही तेच बगळे कापून काढलेले. आपल्याकडचे सायकलींचे मोठे कारखाने बहुतेक स्वातंत्र्यानंतरचे. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय १९४९ साली, सोनीपतला अ‍ॅटलस १९५१ साली, लुधियानाला हीरो १९५६ साली. आसनसोलला तर खुद्द रॅलेच्याच भागीदारीत सेन-रॅले निघाली. पण जालन्याजवळच्या आमच्या बदनापुरात विलायती सायकलीचा रुबाब त्यानंतरही बराच काळ टिकला. मामांना ती रेल्वेच्या एका गार्डाने विकली. तेव्हा इथून मनमाड-काचीगुडा मीटरगेजची गाडी धावायची. निजामाच्या राज्यात टाकलेला तो रूळ. गार्डाची बदली झाली, सायकल न्यायचा त्याला कंटाळा आला आणि मामांनी दोन पगार त्याच्या हातावर ठेवले. आजीने त्यांच्याशी बोलणं टाकलं, तेही साधारण दोन पगार होईपर्यंत.

मामा इथल्या कृषी संशोधन केंद्रात आधी रोजंदारीवर आणि मग कायम झाले. बीडीएन ७११, बीडीएन ७१६ ही तुरीच्या वाणांची नावं आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पाठ असतात. त्यातलं बीडीएन म्हणजे बदनापूर. मामांचा त्या संशोधनाशी संबंध एवढाच की प्लॉटवरच्या पाट्या, दोऱ्या आणि पिशव्या त्यांच्या कॅरिअरवरून जायच्या. पण "सातशे अकरा आमचं" असं ते खुशाल सांगत आणि त्यांना कुणी अडवत नसे.

सायकल घेतली त्याच उन्हाळ्यात बीबी, म्हणजे पायडलचा आस जिथे फिरतो ती बॉटम ब्रॅकेट, कुरकुरायला लागली. जालन्याच्या दुकानातून नवा कप आणला, तो दीड-दोन वेढे आत गेला आणि अडकला. मिस्त्री म्हणाला, लावतो जोर. मामांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. बहुतेक सायकलींच्या बीबीला तिथे इंचाला चोवीस आटे असतात. रॅले मात्र आपल्या फ्रेमला सव्वीस पाडायची, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा कप तिथे चालत नाही. त्यातही चेनच्या बाजूच्या कपाचे आटे उलटे, म्हणजे सोडवायचा तर घट्ट करायच्या दिशेने फिरवावा लागतो. हे ज्याला माहीत नाही तो मिस्त्री पहिल्याच झटक्यात फ्रेम बाद करतो. औरंगाबादच्या जुन्या बाजारात किती रविवार घालवून मामांनी सव्वीस आट्यांचे कप मिळवले, ते त्यांनाच माहीत. "जोर लावला की आटे मरतात," हे वाक्य तिथून त्यांच्या तोंडी बसलं. पुढे ते त्यांनी साहेबांना ऐकवलं, सुनांना ऐकवलं, आणि दहावीच्या गणिताशी माझी झटापट चालली होती तेव्हा मलाही.

जुनी सायकल बाळगणाऱ्यांत दोन पंथ असतात. एक म्हणतो, कारखान्यातून आली तशीच ठेवा, रंगाचा टवकासुद्धा भरू नका. दुसरा म्हणतो, चालवायची आहे तर झिजलेलं काढा आणि चांगलं बसवा. मामा दुसऱ्या पंथाचे, आणि माझंही मत तेच. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल-संग्रहालय आहे. तिथे दुसऱ्या महायुद्धातली, पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकांसाठी बनवलेली घडीची बीएसए आहे. मी मामांना ती दाखवायला नेलं. ते तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले आणि मग एवढंच विचारलं, "हिच्यावर ओझं किती बसतं?"

त्यांनी केलेला सगळ्यात मोठा बदल म्हणजे मागच्या चाकातलं तीन गिअरचं स्टर्मी-आर्चर हब. हेही नॉटिंगहॅमचंच, एका मोडक्या सायकलीतून काढलेलं. त्याच्या अंगावर बनवल्याचं साल ठोकलेलं असतं आणि तेल सोडायला एक इवलीशी टोपी असते. मधला गिअर सरळ, वरचा त्याहून एक तृतीयांशाने जड, खालचा पाव हिश्श्याने हलका. सगळं पोटात असल्यामुळे धूळ-चिखल आत शिरत नाही, जे आपल्या मुलखात फार महत्त्वाचं. हब बसलं ते इंग्रजांच्या एका जुन्या हिशेबामुळे. त्यांच्या या सायकलींना पुढे बत्तीस स्पोक आणि मागे चाळीस. तो हिशेब आपल्या काळ्या देशी सायकलीनेही सोडला नाही. म्हणून चाळीस भोकांच्या विलायती हबला साधी देशी रीम चालली. मागचं अठरा दातांचं चक्कर काढून मामांनी बावीसचं घातलं. सपाटीवर वेग गेला, पण ओझं घेऊन चढ चढता यायला लागला. ब्रेक मात्र तेच ठेवले, सळ्यांचे. त्यांचं रबर रीमच्या आतल्या अंगाला वर ओढलं जातं. ते बदलायचे तर रीमच दुसऱ्या घाटाची लागते. पावसात भिजलेली रीम ब्रेकला दाद देत नाही, तेव्हा मामा उतारावर मोठ्याने विठ्ठलाचं नाव घेत. त्याने लोक बाजूला होत, हा जास्तीचा फायदा.

ही सायकल त्यांनी कुठे कुठे नेली! राजूरच्या गणपतीला अंगारकीला जाणं तर त्यांच्या लेखी शेजारच्या गल्लीत जाण्यासारखं. दौलताबादहून खुलताबादला चढणारा घाट त्यांनी बावीस दातांवर बसल्या जागेवरून काढला आणि वर पोचल्यावर हबच्या टोपीत चार थेंब तेल सोडलं. आधी सायकलीला तेल, मग स्वतःला पाणी, असा क्रम. एका आषाढात ते पंढरपूरला निघाले. अंबड, शहागडला गोदावरी ओलांडून गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, मग बार्शी, कुर्डुवाडी. आजी संतापली, "वारी पायानं करायची असती." मामा म्हणाले, "पायानंच करायलोय की." कॅरिअरवर घोंगडी, पिशवीत पाने, सोल्यूशन, ट्यूबचे तुकडे आणि बांबूची एक कामटी. ही कामटी ज्याने काळी माती पाहिली नाही त्याला कळायची नाही. पहिल्या पावसानंतर ती माती टायर आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसते की चाक जागेवर थांबतं. आजच्या चकचकीत सायकलींना तेवढी जागाच नसते. या जुन्या घाटाच्या सायकलीत टायरच्या वर बोटभर फट असते, तिच्यात कामटी घालून माती काढायची आणि पुढे निघायचं.

बापाने टोकलं, बायकोने टोकलं, तरी असे निघणारे लोक आपल्याकडे नेहमीच होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी ती पुरी करून परतले, चव्वेचाळीस हजार मैलांनंतर. मामांना मी हे वाचून दाखवलं तेव्हा वाळवंटाबद्दल आणि जंगलाबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. टायर कुठे मिळाले, हे मात्र विचारलं.

२०२० चा मे त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेला नाही. जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशचे मजूर टाळेबंदीत गावी जायला निघाले आणि रुळाच्या कडेने चालत आमच्या स्टेशनावरून पुढे गेले. ८ मेच्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान, रुळावरच झोप लागलेली असताना, त्यातले सोळा जण मालगाडीखाली गेले. मामा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सायकली असत्या तर ते रस्त्यानं गेले असते रे. रुळावर कशाला आले असते?" पुढच्याच महिन्यात, ३ जूनला, अ‍ॅटलसने साहिबाबादचा कारखाना बंद केल्याची बातमी आली. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन. बातमी ऐकून ते हसले, आणि मला ते हसणं आवडलं नाही.

त्यानंतर ते सायकल चालवेनासे झाले. गुडघे गेले होते. पण दूध आणायला, औषधाला, पेन्शनच्या कामाला जाताना सायकल बरोबरच असायची, हातात धरून ढकलत. काठी वापरायची लाज वाटायची म्हणून, हे सगळ्यांना कळत होतं. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. तो आमच्या तालुक्यातून जातो. मामांना पुलाखाली नेऊन तो दाखवला. वर सायकलीला बंदी आहे म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस तिथेच संपला. पुढे एका थंडीत ताप फुप्फुसात उतरला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. हॉस्पिटलात शेवटी शुद्धीवर होते तेव्हा त्यांनी मामीला सांगितलं की सायकलीची हवा सोडून ठेवू नका, टायरला भेगा पडतात. मामीला तेव्हा याचा राग आला. अजूनही येतो.

डबे मी पुढच्या रविवारी उघडले. एकात छर्रे, सगळ्या मापांचे एकत्र. मागच्या चाकाला आणि बीबीला दोन सुताचे लागतात, पुढच्या चाकाला दीड सुताचे, हँडलला सव्वा सुताचे. दीड आणि सव्वा सुतातला फरक मामा बोटांच्या चिमटीत ओळखत. मला कॅलिपर लागतं. दुसऱ्यात कॉटर पिना, काही एका बाजूने थोड्या जास्त घासलेल्या. त्या का घासल्या, कोणत्या क्रँकसाठी, कुठल्या खेपेला, हे सांगणारं आता कोणी नाही. मामांनी एक ओळही लिहून ठेवली नाही. मागचं चाक आउट आहे की नाही हे ते डोळ्यांनी बघत नसत. चाक फिरवून स्पोकवर टिचकी मारत जात आणि कुठला सैल आहे ते आवाजावरून सांगत. मीही टिचक्या मारून पाहिल्या. मला सगळे सारखेच वाजतात.

माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू राहतात, असं लोक समजुतीने सांगतात. वस्तूंचं काय, त्याही जातात, आणि आमच्या भागात तर त्यांची वाट फार लांबची नाही. 'जालना सोने का पालना' म्हणायचे. आता तिथे लोखंड वितळतं. देशभरातलं भंगार ट्रकांनी बदनापूरवरून जालन्याच्या एमआयडीसीत जातं, विजेच्या भट्टीत वितळतं, बिलेट होतं आणि सळई होऊन स्लॅबमध्ये शिरतं. वीस किलोच्या आसपास वजनाची काळी सायकल त्या ढिगात दिसतसुद्धा नाही. ट्रकामागे थांबलो की मी त्यात हँडल शोधतो आणि बहुतेक वेळा सापडतं. पोलाद वाया जात नाही, हे मला मान्य आहे. कुणाच्या तरी घराला ते आधार देत असेल. पण कुणीतरी वर्षानुवर्षं खपून एकेक भाग एकमेकांना मानवेल असा बसवलेला असतो. ती जुळणी भट्टीत राहत नाही.

सध्या सायकल माझ्याकडे चालू आहे. अठ्ठावीस बाय दीडचा टायर कुठल्याही तालुक्याच्या दुकानात मिळतो, ट्यूब मिळते, ब्रेकची रबरं, सळ्या, चेन, कॉटर सगळं मिळतं. डायनॅमोवर मी एलईडी दिवा लावला आहे. मामांनी तो आधी नाकारला असता आणि आठवड्याने स्वतःच दुरुस्त केला असता. सीटची कातडी तडकली होती, तिथे मात्र माझा इलाज चालला नाही, नवी घातली. अडलं आहे ते बीबीपाशी. डावीकडचा कप इतका झिजला आहे की क्रँक हलते, आणि डब्यांतून सव्वीस आट्यांचा एकही निघाला नाही. जालन्याचा लेथवाला म्हणतो, आतून बुश ठोकून चोवीसचे आटे पाडून देतो, जन्मभराची कटकट जाईल. तो म्हणतो ते खरं आहे. मी त्याला थांबायला सांगितलं आहे.

तेव्हा तुमच्या माळ्यावर, गोठ्यात किंवा बंद पडलेल्या सायकल मार्टच्या खोक्यात जुन्या रॅलेचा बीबीचा कप पडलेला असेल, तर तो किलोवर देऊ नका. आधी आटे मोजा. इंचाला सव्वीस भरले तर मला कळवा, येऊन घेऊन जाईन. डाव्या बाजूचा पाहिजे, सुलट आट्यांचा.