आधी पॅनेल रूम, मग गच्ची

सोलर बसवलं की इमारतीवरचा लोड कमीच होतो, मग जुन्या पॅनेलला काय धाड भरणार आहे, असं मी वर्षानुवर्षं छातीठोक सांगत आलो. व्यापारी संकुलांची इलेक्ट्रिकची कामं घेणारा मी माणूस. गच्ची मोजायची, किलोवॅटमागे शंभर चौरस फूट धरायचे, आकडा सांगून मोकळं व्हायचं. मेन पॅनेलबद्दल कोणी शंका काढली, की हा बिल फुगवायला निघालाय असंच वाटायचं.

आता मी आधी पॅनेल रूम उघडायला लावतो.

मत फिरलं ते साध्या हिशेबाने. समजा, मेन ब्रेकर 400 अँपिअरचा आणि बसबारही तेवढ्याच क्षमतेचा. 100 किलोवॅटच्या सोलरमधून 415 व्होल्टला सुमारे 140 अँपिअर येतात. दोन्ही पुरवठे बसबारच्या एकाच टोकाला जोडले आणि पुढे एसीचे फीडर वाढत गेले, तर त्या पट्टीतून 540 अँपिअर वाहू शकतात. ब्रेकर ट्रिप होत नाही. त्याच्यातून 400च जातात. पट्टी मात्र तापत राहते. सोलर दुसऱ्या टोकाला जोडलं, तर बहुतेकदा पॅनेल न बदलताही भागतं.

पॉवर फॅक्टरचं तर मी कधी मनावरच घेतलं नव्हतं. 100 किलोवॅटचा लोड, पॉवर फॅक्टर 0.9. त्यातले 80 किलोवॅट सोलरने दिले, तरी रिअ‍ॅक्टिव्ह भार सगळा ग्रिडवरच राहतो. मीटरला पॉवर फॅक्टर दिसतो 0.38च्या आसपास, आणि केव्हीए 111वरून उतरतात ते 52वर. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना 2020पासून केव्हीएएचवर बिल येतं, त्यामुळे मालकाला ‘80 टक्के वाचतील’ म्हणून सांगणं अंगाशी येतं. इन्व्हर्टरकडून रिअ‍ॅक्टिव्ह घेण्याची सोय किंवा कपॅसिटर पॅनेलची फेरमांडणी आधीच ठरवावी लागते.

गाळ्यांच्या इमारतीत आणखी एक मेख असते. गच्ची सगळ्यांची, पण सोलर जोडायचं कॉमन मीटरला. त्यावर लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. राज्य वीज नियामक आयोगाच्या 2019च्या नियमांनुसार नेट मीटरिंगची क्षमता मंजूर भारापुढे जात नाही. गच्चीवर साठ किलोवॅट मावतील हो, पण मंजूर भार पंधराचा असेल तर काय करणार?

एक अढी मात्र अजून आहे. लोड रेकॉर्डिंग न करता ‘पॅनेल बदला’ म्हणणाऱ्याचं कोटेशन मी आजही बाजूला ठेवतो.