फुगणारा खडक
मुंबईच्या पश्चिमेस सुमारे 160 किलोमीटरांवर, 1974 साली ‘सागर सम्राट’ या खोदकाम-फलाटाने ज्या क्षेत्रात तेल गाठले, त्या मुंबई हायच्या चुनखडकापर्यंत पोचण्यापूर्वी वाटेत मऊ, चिकट मातकट खडकाचे आणि शेलचे जाड थर भेदावे लागतात, आणि विहीर खोदताना आत फिरवल्या जाणाऱ्या द्रवाची, म्हणजे मडची, निगा राखणाऱ्या माझ्यासारख्या मड केमिस्टाचे बहुतेक कौशल्य, खरे सांगावयाचे तर, तेलापायी नव्हे, तर या तेलशून्य थरांपायीच खर्ची पडते.

त्यांतील उपद्रवी घटक मॉन्टमोरिलोनाइट. वऱ्हाड-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीला चैत्र-वैशाखात हातभर भेगा पाडणारे आणि मृगाच्या सरींनंतर त्याच भेगा मिटवून टाकणारे खनिज याच कुळातले. गंमत अशी की, याच खनिजाने भरलेली कच्छच्या बेंटोनाइटची पोती आम्ही पैसे मोजून मागवतो, गोड्या पाण्यात मनसोक्त भिजवतो, कारण त्याच्या फुगण्यानेच मडला दाटपणा येतो. टाकीत ज्या गुणाची आम्ही आराधना करतो, त्याचाच बंदोबस्त विहिरीच्या भिंतीत करावयाचा, असा हा व्यवसाय आहे.

या खनिजाच्या पत्र्यांवर ऋण विद्युद्भार असतो व तो फेडण्यासाठी पत्र्यांच्या मध्ये सोडियमचे आयन वस्तीला असतात. सोडियमला पाण्याचा लोभ फार. तो पाणी ओढून घेतो, आणि कोरडेपणी सुमारे 10 आंगस्ट्रॉम असलेले पत्र्यांचे अंतर प्रथम 20 च्या घरात व पुढे 40 च्याही पलीकडे जाते. मग भिंत विहिरीत सरकते, खडक फोडणाऱ्या बिटवर चिकणमातीचा गोळा बसतो, पाइप अडकतो. पोटॅशियमचा स्वभाव निराळा. तो आपल्याभोवतीचे पाणी सहज सोडतो, आणि त्याचा सुमारे 2.7 आंगस्ट्रॉम व्यास पत्र्यांवरील षट्कोनी खळग्यात असा चपखल बसतो की, दोन्ही पत्रे एकमेकांस जखडले जातात. म्हणूनच मडमध्ये सामान्यतः शेकडा 3 ते 7 पोटॅशियम क्लोराइड घालण्याचा प्रघात पडला. त्याच्या जोडीला पीएचपीए हे लांब साखळीचे बहुवारिक येते, ते मातीच्या कणांना वेढून त्यांचे विखुरणे रोखते. ग्लायकॉल ठराविक तापमानाच्या वर द्रावणातून वेगळे होऊन छिद्रे अडवतात. आणि अलीकडची अमाइने पोटॅशियमचेच काम अधिक चिवटपणे करतात.

प्रयोगशाळेत शेलचे तुकडे मडमध्ये घालून 16 तास तापत्या भट्टीत फिरवतात व किती शिल्लक उरले ते तोलतात. त्या अहवालांची दप्तरे मी आदराने चाळतो. परंतु माझा विश्वास विहिरीतून परतणाऱ्या मडमधला चुरा गाळणाऱ्या शेल शेकरच्या जाळीवर अधिक आहे. कडा शाबूत असलेला, दाबल्यास आतून कोरडा निघणारा चुरा आला की पोटॅशियम पुरेसे आहे. बोटांत लिबलिबणारा लगदा आला की भिंतीने ते शोषून घेतले असून नवी पोती फोडावयास हवीत.

तथापि ही सर्व रसायने शेलला कायमची वश करीत नाहीत. ती फक्त मुदत वाढवून देतात. वाळूखडकावर मडचा लेप बसतो व पुढची झिरप थांबते. शेलची छिद्रे इतकी सूक्ष्म की त्यावर लेप धरतच नाही, आणि विहिरीतील दाब दिवसेंदिवस आत मुरत जाऊन भिंतीचा आधार कमी करतो. म्हणून केसिंग, म्हणजे विहिरीचे पोलादी अस्तर, उतरेपर्यंतचे दिवस पदरात पाडून घेणे, एवढाच आमचा माफक दावा असावा. पाण्याऐवजी डिझेलवर बेतलेल्या मडने हे दुखणे पुष्कळसे टळते, पण समुद्रावर ते वर्ज्य.

आणि काही शेल तर फुगतच नाहीत. खोलवरचे, जुने, इलाइटप्रधान थर पाण्याने सुजत नाहीत, ते आपल्याच चिरांवरून पापुद्र्यांसारखे सुटतात. तेथे क्षाराची टक्केवारी कितीही चढवली तरी शेकरवर लांबट ढलपे येतच राहतात. अशा वेळी पोटॅशियमचा हट्ट सोडून मडचे वजन वाढवावे आणि चिरा बुजवणारी बारीक भुकटी मागवावी, हे केमिस्टाच्या अहंकारास रुचत नाही. ड्रिलरला मात्र चटकन पटते.