खिडकीकडे झुकणारे रोप

आमच्या बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागातील जुनी घरे जाड भिंतींची व लहान खिडक्यांची. बांधणाऱ्यांनी उन्हाळ्याचा दाह बाहेर ठेवला. परंतु त्याबरोबर प्रकाशही बराचसा बाहेरच राहिला. अशा घरात कुंडीतील रोप सरळ वाढत नाही. ते खिडकीकडे झुकते व एकाच अंगास भरते.

माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणास खिळून आहेत. मळ्यात जन्म घालविलेल्या त्या माउलीस आता खिडकीपाशी ठेवलेले रबराचे एक रोप, एवढीच काय ती बाग उरली आहे. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, ह्यानेही माझ्याकडे पाठ फिरविली की!" आणि ते खरेच होते. सर्व पानांची तोंडे उजेडाकडे, सासूबाईंकडे केवळ पाठी.

हा काही रोपाचा रुसवा नव्हे. १८८० साली चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी गवताच्या अंकुरांवरील प्रयोगांनी दाखवून दिले की, प्रकाशाची जाणीव शेंड्यास होते, वाकतो मात्र त्याखालचा भाग. आज ज्यास ऑक्सिन म्हणतात ते वाढीचे द्रव्य सावलीच्या बाजूस अधिक उतरते, तेथील पेशी अधिक लांबतात व खोड उजेडाकडे वळते.

कारण कळले की उपायही सुचतो. दर रविवारी कुंडी पाव फेरा, नेहमी एकाच दिशेने, फिरवावी. चार आठवड्यांत चारही अंगांस प्रकाश मिळतो. टणक झालेले वाकडे खोड मात्र आपोआप सरळ होत नाही. त्यास काठीचा आधार देऊन सुतळी सैल बांधावी. खिडकीसमोरच्या भिंतीस पांढरा चुना द्यावा, म्हणजे उजेड परतून रोपाच्या मागील अंगास लागतो. पानांवरील धूळ ओल्या फडक्याने पुसावी. कमी उजेडात माती उशिरा सुकते, म्हणून बोटाने चाचपून, वरची माती कोरडी लागली तरच पाणी घालावे. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेकडे कलतो; त्या दिवसांत दक्षिणेची खिडकी उत्तम.

आता दर आठवड्यास रोपाची निराळी बाजू सासूबाईंसमोर येते, आणि नवे पान उलगडले की प्रथम त्याच सांगतात. ज्यांच्या घरी असे कोणी अंथरुणावर असेल, त्यांनी एक कुंडी त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात अवश्य ठेवावी, आणि ती फिरविण्यास विसरू नये.