हळद, आतड्यातले जीवाणू आणि उदास मन

मागच्या पावसाळ्यात बोरी अरबजवळच्या खेड्यातले एक चाळिशीतले शेतकरी पत्नीसोबत दवाखान्यात आले. डिप्रेशनच्या गोळ्यांनी त्यांची झोप आणि भूक सुधारली होती. आता पुन्हा चेहरा उतरलेला, नजर खाली. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. पत्नीने पिशवीतून हळदीच्या कॅप्सूलची डबी काढून टेबलावर ठेवली.

"तुमीच तं म्हनलं होतं साहेब, हळद पोटाले अन् मनाले चांगली असते म्हून."

खरं होतं. मी म्हटलं होतं. 'पण गोळ्या बंद करू नका' एवढं सांगायचं मात्र राहून गेलं होतं. म्हणून आज ही गोष्ट पूर्ण सांगतो.

पोटाचा मनाशी संबंध काय?

आपल्या मोठ्या आतड्यात असंख्य जीवाणू राहतात. भाकरी, डाळी, भाज्यांमधला न पचलेला चोथा ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात. ही आम्लं आतड्याचं अस्तर मजबूत ठेवतात, शरीरातला दाह कमी करायला मदत करतात. डिप्रेशनच्या काही रुग्णांत असा सौम्य दाह वाढलेला आढळतो. शिवाय व्हेगस नावाची नस आतड्याची खबर मेंदूपर्यंत पोहोचवत असते.

हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार कमी शोषलं जातं. बरंचसं आतड्यातच राहतं आणि तिथले जीवाणू त्याचं रूप बदलतात. त्याचा मनावर काही परिणाम होत असेल, तर तो अंशतः या जीवाणूंमार्फत होत असावा, असा संशोधकांचा अंदाज आहे.

मग हळद हे औषध आहे का?

भावनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला ६० रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला फ्लुओक्सेटिन, दुसऱ्याला रोज १००० मिलिग्रॅम कर्क्युमिन, तिसऱ्याला दोन्ही. सहा आठवड्यांनी तिन्ही गटांत सुधारणा दिसली. पण नुसती खोटी गोळी दिलेला गट त्यात नव्हता. आणि महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्या मनात आत्महत्येचे विचार होते, त्यांच्यासाठी तो निष्कर्ष नव्हताच.

आता हिशेब बघा. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. १००० मिलिग्रॅमसाठी तेहतीस ग्रॅम, म्हणजे दहा-अकरा लहान चमचे हळद लागेल. भाजीतली चिमूट तेवढं काम करणार नाही. कॅप्सूलही निरुपद्रवी समजू नका. काळी मिरीचा अर्क मिसळलेल्या कॅप्सूलमुळे काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा पित्ताशयात खडे असतील, तर विचारल्याशिवाय घेऊ नका.

जेवणाचं काय?

ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये ६७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डाळी, भाज्या, फळं, अख्खं धान्य असा आहार बारा आठवडे घेणाऱ्यांपैकी ३२ टक्के लोक आजारातून बाहेर आले. नुसत्या गप्पागोष्टींची सोबत मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होतं. यातल्या बहुतेकांचे नेहमीचे उपचारही चालू होते. आपल्याकडे ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी आहेच. ते खाच, पण उपचारांच्या जोडीने.

त्या दिवशी मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊ, जीव नकोसा वाटतो का?" बराच वेळ ते बोलले नाहीत. मग रडले. त्याच दिवशी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दिवाळीनंतर आले तेव्हा कापूस वेचणीबद्दल स्वतःहून बोलत होते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टरांना भेटा. चालू गोळ्या मनाने बंद करू नका. मरणाचे विचार येत असतील, तर त्याच क्षणी घरच्यांना सांगा आणि टेली मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.