ससून डॉकची मासळी : डोळ्यांना न दिसणारा फरक

मुंबईचे कोळी रूप पाहायचे असेल, तर कुलाब्याच्या ससून डॉकला सूर्योदयापूर्वी जावे. १८७५ साली सुरू झालेली ही गोदी आज मासळीचा मोठा बाजार आहे. ट्रॉलर धक्क्याला लागतात, टोपल्या भराभर वर येतात, लिलावाची बोली चढते आणि एका बाजूला बायका कोळंबीचे ढीग सोलत बसलेल्या असतात. पापलेटचे लालभडक कल्ले, बोटाने दाबताच पुन्हा वर येणारे सुरमईचे मांस, या पारखीच्या खुणा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि त्या खऱ्याही आहेत. मात्र मासा शिळा आहे की ताजा, एवढेच त्या सांगतात. त्याच्यावर कोणते जिवाणू आहेत, हे सांगत नाहीत.

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या, कोमट पाण्यात ‘व्हिब्रिओ’ कुळातील जिवाणू निसर्गतःच राहतात. पटकीचा जिवाणू याच कुळातला. त्याचा भाऊबंद ‘व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस’ ओळखला गेला तो १९५० मध्ये, जपानमधील ओसाका येथे. अर्धवट सुकवलेली बारीक मासळी खाऊन २७२ जण आजारी पडले आणि २० जण दगावले. त्सुनेसाबुरो फुजिनो यांनी त्यामागचा जिवाणू शोधून काढला.

पुढे एक विलक्षण गोष्ट उमगली. समुद्रात व मासळीत आढळणारे या जातीचे बहुतेक जिवाणू निरुपद्रवी असतात. रुग्णांच्या शौचात सापडणाऱ्यांत मात्र बहुधा विष तयार करणारी ‘टीडीएच’ किंवा ‘टीआरएच’ ही जनुके असतात. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे सारखेच दिसतात. म्हणून प्रयोगशाळेत मासळीचा नमुना खारट पोषकद्रवात वाढवून, कोविडकाळात घरोघरी माहीत झालेली पीसीआर चाचणी करतात. एका जनुकावरून जात कळते, दुसऱ्यावरून विषाची क्षमता. मंगळूरच्या मत्स्य महाविद्यालयातील संशोधकांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरील मासळीत असा शोध घेतला आहे. १९९६ मध्ये कोलकात्यात रुग्ण वाढले, तेव्हा त्यांच्यातील टीडीएच-धारी वाण अशाच तपासण्यांतून ओळखता आला. तो पुढे अनेक देशांत पसरला.

ही चाचणी आपल्या स्वयंपाकघरात होणार नाही. त्यासाठी मासळी सोडण्याचेही कारण नाही. उतारवयात तिच्यातील प्रथिने मोलाची आहेत. हे जिवाणू उष्णतेने मरतात आणि थंडीत त्यांची वाढ थांबते. अनुकूल उबेत मात्र त्यांची संख्या दहा-वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. म्हणून खरा धोका असतो तो बाजार ते चूल या प्रवासात. मासळी सर्वांत शेवटी घ्यावी, बर्फासह आणावी, नळाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवावी. मीठ-लिंबू चोळले म्हणजे ती निर्जंतुक झाली, असे समजू नये. माफक मीठ या जिवाणूंना मानवतेच. तुकडा आतपर्यंत शिजू द्यावा. तिसऱ्यांची तोंडे उघडल्यावरही त्या चार-पाच मिनिटे उकळाव्यात आणि न उघडलेल्या टाकून द्याव्यात. कच्ची मासळी चिरलेली विळी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नये.

मधुमेह, यकृताचा आजार किंवा आम्लपित्तावर रोजच्या गोळ्या असलेल्या ज्येष्ठांबाबत काळजीवाहकांनी अधिक दक्ष राहावे. खाल्ल्यानंतर साधारण दिवसभरात पोटात कळा, पाण्यासारखे जुलाब किंवा उलट्या सुरू झाल्यास जलसंजीवनी घोटाघोटाने द्यावी. हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर तिचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी होणे, गुंगी, ताप किंवा शौचात रक्त दिसल्यास थांबू नये. मासळी साफ करताना काटा लागून हात झपाट्याने सुजला, लाल झाला वा फोड आले, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. याच कुळातील ‘व्हल्निफिकस’ जिवाणू अशा जखमेतून काही तासांत जिवावर बेतू शकतो.