द्राक्षांच्या दुसऱ्या गावी

तासगावच्या माणसाने द्राक्षे पाहायला परदेशी जावे, हे कोकणातल्या माणसाने नारळ आणायला घाटावर जाण्यासारखेच. पण धाकट्या बहिणीने हट्टच धरला. ती आणि तिचे यजमान जर्मनीत असतात. फोनवर म्हणाली, "दादा, एकदा ये. इटलीतल्या एका खेड्यात चार दिवस राहू. खाऊ, पिऊ..." त्या 'पिऊ'पाशी ती किंचित अडखळली. मीही ते ऐकून न ऐकल्यासारखे केले.

आमच्या घरात त्या शब्दाला इतिहास आहे. तात्या दुसऱ्यांच्या बागांत छाटणी करीत. कोणत्या काडीवर किती डोळे राखायचे, हे त्यांच्या बोटांना न पाहता कळे. आमच्याकडे वेलीला झोप नाही. एप्रिलात खरडछाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. ही दुसरी छाटणी नेमकी दिवाळीच्या तोंडावर येते. मजुरी हातात पडे ती तेव्हाच, आणि गुत्त्यात जाई तीही तेव्हाच. पाडव्याच्या संध्याकाळी आई ओवाळणीचे ताट घेऊन बसे. निरांजनात पुन्हापुन्हा तूप घालावे लागे. अपरात्री तात्या येत आणि भिंतीकडे तोंड करून झोपत. ते गेल्यावर आम्ही भावंडे त्यांच्याविषयी एक शब्दही बोललो नव्हतो.

सप्टेंबरअखेर आम्ही कियांतीत पोचलो. तोस्काना प्रांतात फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला हा डोंगराळ मुलूख. इथली वाइन इतकी नावाजलेली, की 1716 साली तिसऱ्या कोसिमो या ग्रँड ड्यूकने फर्मान काढून या मुलखाची हद्द आखून दिली होती. उतरलो ते एका शेतकऱ्याच्या दगडी घरात. शेतकऱ्याने घरी पाहुणे ठेवून चार पैसे मिळवावेत, यासाठी इटलीने 1985 साली खास कायदाच केला आहे.

सकाळी उठलो तो तडक बागेत गेलो. आपल्यासारखा मंडप नाही. तारांवर चढवलेल्या वेलींच्या रांगा आणि त्यांना सान्जोवेझे जातीचे काळेभोर घड. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. तात्यांना इथे निम्माच रोजगार मिळाला असता, असे मनात आले आणि मीच दचकलो. इतक्या दूर येऊन मला आठवले कोण, तर तात्या!

जेवायला लांबलचक टेबल. पावाचा पहिला घास घेतला आणि वाटले, आजीबाई मीठ विसरल्या. पण इथला पाव अळणीच असतो. मेंढीच्या दुधाचे चीज खारट, मग पावाने कशाला खारट व्हावे? शिळा पाव दुसऱ्या दिवशी घेवड्याचे दाणे आणि काळपट कोबी यांच्याबरोबर शिजतो. त्याचे नाव रिबोल्लिता, म्हणजे 'पुन्हा उकळलेली'. आपल्या फोडणीच्या भाकरीची ही सख्खी बहीणच म्हणायची.

आजीबाई वाइनचा चंबू घेऊन आल्या. मी पेल्यावर हात आडवा धरला. बहिणीने माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने आपला पेला पुढे केला. माझा घास घशातच राहिला.

आजीबाईंच्या नजरेतून ते सुटले नाही. मेहुण्यांना दुभाषी करून त्यांनी आपली गोष्ट सांगितली. त्यांचे वडील अर्धेलीने शेती करीत. निम्मे पीक मालकाचे. असे नवे करार करायला 1964 साली बंदी आली, पण त्यांचे बालपण त्याआधीचे. चांगली वाइन विकली जाई. घरच्यांसाठी चेचलेल्या द्राक्षांच्या चोथ्यात पाणी ओतून ते प्यायचे. "वडील मात्र एक बाटली गोठ्यात लपवीत आणि तिथेच एकटे पीत," त्या म्हणाल्या. "म्हणून मी ती टेबलावर ठेवते. टेबलावर किती उरली ते सगळ्यांना दिसतं."

मग त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी त्याच दिवशी चेचलेल्या द्राक्षांचा गोड रस घेऊन आल्या. तो मी प्यालो.

रात्री आम्ही दोघे पायरीवर बसलो होतो.

"दादा, राग आला?"

"राग नाही गं. भीती वाटली."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला निदान ते कामावरचे तरी आठवतात. मला नुसता पाडवा आठवतो."

ती तेव्हा फार लहान होती, हे माझ्या ध्यानातच नव्हते. मी तिला सांगितले, की मला बेरीज तात्यांनी शिकवली, ती काडीवरचे डोळे मोजून. सांगितले, की मंडपाखाली ते तिला खांद्यावर घेत आणि हंगामातला पहिला घड तिच्या हातून तोडवीत. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

काय उत्तर देणार? सांगायला मीच तर होतो.

परत आलो तेव्हा आईने विचारले, "तिकडे खाल्लंस काय?"

"अळणी पाव."

आई हसली. "तुझ्या तात्यांनी शिवलासुद्धा नसता. भाजीवर वरून मीठ घ्यायचे ते." आणि हातातले तांदूळ निवडणे थांबवून ती पुढे बोलू लागली.