खालून आवाज येतो!

जुन्या मोटारीच्या मालकाला कान असावेत की नसावेत, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. नसले तर बरे, असं गाडी विकणारे म्हणतात. असले तर बरे, असं गाडी दुरुस्त करणारे म्हणतात. शेजारी बसणारी बायको या वादात पडत नाही. ती एवढंच म्हणते, "अहो, खालून आवाज येतोय."

या चार शब्दांनी जेवढी झोप उडते, तेवढी 'साहेबांनी बोलावलंय' या दोन शब्दांनीही उडत नाही. साहेब निदान समोर असतात. हा आवाज खालून येतो, आणि खाली नेमकं काय काय आहे हे बी. कॉम.च्या अभ्यासक्रमात कुठेच नव्हतं.

आमची गाडी तिसऱ्या हाताची. कंपनीचं नाव सांगत नाही. उतारवयात सांधे वाजू लागले म्हणून त्याबद्दल कुणी आईबापाला बोल लावत नाही. मी नोकरीला हिंगोलीत आणि आई सिद्धेश्वरला, धरणाजवळ. पूर्णा नदीवरचं हे १९६८ सालचं मातीचं धरण सहा किलोमीटरांहून लांब आहे. वडलांची नोकरी त्या धरणावर झाली, आणि ते गेल्यावरही आई तिथून हलायला तयार नाही. त्यामुळे दर रविवारी गाडी सिद्धेश्वरला जाते आणि परत येते. येताना थोडी जास्त वाजते.

यात गाडीचा दोष कमी आणि भूगोलाचा जास्त. आमच्या भागातली काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात सुकून भेगाळते. वरचा रस्ता बिचारा तिच्याबरोबर श्वासोच्छ्वास करतो. त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली सांगितलं होतं, गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटीमीटर उंच असावा. आमच्याकडे बांधणाऱ्याने हे आकडे वाचले असावेत, पण उलटे. रस्त्यात म्हैस बसून राहिली आणि तिच्यावरूनच डांबर ओतलं, असा काहींचा आकार आहे.

वाटेत औंढा नागनाथ लागतं. नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला लावलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्यासमोर आलं, अशी आख्यायिका आहे. एवढं दगडी देऊळ फिरलं, पण ते कुरकुरल्याचा उल्लेख मी ऐकलेल्या एकाही आख्यायिकेत नाही. आमचं स्टिअरिंग नुसतं फिरवलं तरी जुन्या वाड्याचं दार उघडल्यासारखं वाटायचं.

आवाजांच्या बाबतीत आपली मराठी फार श्रीमंत. कुरकुर, करकर, खडखड, खटखट, टकटक, घरघर, चर्र आणि खट्ट! ही श्रीमंतीच आमच्या मुळावर आली. सौ.च्या मते आवाज 'कर्र कर्र' होता. मुलाच्या मते 'कुंई'. बँकेत विषय काढला, तर आमच्या रोखपालांनी नोटा मोजता मोजता "शॉकअब्जॉर्बर गेले" असा निकाल दिला. शिपायाने सायलेन्सरवर पैज लावली. बैलगाडीत लहानाचे मोठे झालेले एक खातेदार म्हणाले, "साहेब, आस वंगण मागायलाय." एका आवाजावर पाच निदानं झाली आणि गाडी पाचहीजणांना पुरून उरली.

मिस्त्रीकडे नेली, तर गप्प. गॅरेजच्या दारात मोटार कशी गुणी बाळासारखी वागते, हे तुम्हांला सांगायला नकोच. मी मात्र तयारीने गेलो होतो. तोंडाने कुरकुर करून दाखवली, खडखड करून दाखवली. खट्ट करताना तर जिभेला चावा बसला. मिस्त्री विडीसारखा पाना कानामागे खोचून शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "साहेब, कसा यायलाय ते राहू द्या. कवा यायलाय ते सांगा."

मी चाटच पडलो. कारण हे तर आमचंच शास्त्र! तेरीज जुळली नाही की जुने हेडक्लार्क 'कुठे चुकलं?' म्हणून डोकं धरून बसत नसत. ते फरकाचा आकडा बघत. फरकाला ९ने भाग गेला, तर बहुधा ४५च्या जागी ५४ पडलेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली, तर जमेची बाब नावे पडली असेल. आता हे काम संगणक करतो, पण तत्त्व तेच. फरक कसा दिसतो यापेक्षा तो कधी पडतो हे महत्त्वाचं.

मिस्त्रींनी आपलं खातेपुस्तक उघडलं. वळताना जोर दिला की पुढून कट-कट-कट येतं? मग ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा सांधा. क्लच सोडताना एकच ठोका? इंजिनाचं माउंटिंग. गाडी उभी, इंजिन चालू आणि पत्रा थरथरतोय? सायलेन्सरचं रबर. गतिरोधकावर हळू चढताना कुरकुर? दांडीची नाहीतर आर्मची रबरी बुशं. ब्रेक मारताना किंवा खड्ड्यात खट्ट? आर्म, बॉल जॉइंट, लिंक. एवढं सांगून ते म्हणाले, "आता बोला."

मी आठवून आठवून सांगितलं. कुरकुर प्रत्येक गतिरोधकावर, सकाळी थंडीत जास्त. आणि खट्ट क्वचित, डाव्या बाजूने, ब्रेक दाबताना.

त्यांनी एका पोऱ्याला बॉनेटवर दाबायला लावलं. गाडी कुरकुरली. मग प्लॅस्टिकच्या बाटलीने एकेका बुशावर पाणी मारलं. तिसऱ्या बुशावर कुरकुर थांबली. "सापडला चोर," मिस्त्री म्हणाले. "पाणी वाळलं की पुन्हा ओरडंल. आईल घालू नका, आईलनं रबर फुगतंय. नवं टाकू." नव्या बुशाची किंमत ऐकून मला गाडीबद्दल प्रेमाचं भरतं आलं. एवढ्याशा रबराने तीन महिने आमच्या संसारात अशांतता माजवली होती!

मी पाकीट काढलं, पण मिस्त्री उठेनात. जॅक लावून, खाली लोखंडी घोडी ठेवून (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते जात नाहीत) त्यांनी डावं चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खालून टॉमी घालून उचकटलं. खट्ट! चाक हललं. बॉल जॉइंट ढिला झाला होता. "हा निसटला असता, तर चाक बाहेर पसरलं असतं आन् स्टेरिंग हातात नुसतं शोभेला राहिलं असतं." पुढच्या सोमवारी आईला त्याच गाडीतून औंढ्याला श्रावणातल्या दर्शनाला न्यायचं होतं. मी तिथल्या जुन्या टायरवर बसलो.

ज्याची कटकट रोज, तो निरुपद्रवी. जो महिन्यातून दोनदा हळूच खट्ट म्हणतो, तो घात करणारा. बँकेत वीस वर्षं हेच पाहतोय. काउंटरवर येऊन व्याजाच्या नावाने रोज शंख करणारा कर्जदार हप्ता भरतो. लांबूनच नम्रपणे नमस्कार करून जाणाऱ्याचं खातं ९० दिवसांनी थकीतच्या यादीत सापडतं.

श्रावणातला सोमवार निर्विघ्न पार पडला. गाडी इतकी मुकी झाली होती, की सौ.ने दोनदा खिडकीची काच खाली करून इंजिन चालू असल्याची खात्री करून घेतली. औंढ्याला उतरताना आईने दाराला धरलं आणि मला स्पष्ट ऐकू आलं, कट्.

"काही नाही रे," आई म्हणाली. ती हे नेहमीच म्हणते.

पण मी आता मिस्त्रींचा चेला. विचारलं, "आई, कधी येतो? बसताना की उठताना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पदर सावरत म्हणाली, "उठताना. दोन वर्षं झाली. कुणी असं विचारलंच नाही."

दुसऱ्याच दिवशी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबत पहिला प्रश्न केला, "कसं दुखतं, आजी?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, कसं ते राहू द्या. कवा ते विचारा."